सिरोंच्याचे दगड आणि दूरची संग्रहालये



संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातली एखादी भव्य इमारत उभी राहते. रुंद पायऱ्या, उंच छत, काचेची कपाटे, कपाटांत मांडलेल्या वस्तू आणि प्रत्येक वस्तूखाली एक लहानशी चिठ्ठी. ही इमारत मुंबईत असते, नागपुरात असते, कलकत्त्यात असते. सिरोंच्यात ती नाही. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. वाट जंगलाची, पावसाळ्यात नदीनाल्यांची. शाळेची सहल काढायची म्हटली तरी गुरुजींना दहा वेळा हिशेब करावा लागतो. संग्रहालय हे लोकशिक्षणाचे साधन आहे असे आपण सारेच म्हणतो. ते खरेही आहे. पण मग हे शिक्षण प्राणहितेच्या काठी राहणाऱ्या मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचावयाचे?

गेल्या तीसेक वर्षांत अशी एक वाट निघाली आहे. तिला आपण संकेतस्थळ म्हणतो. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर संग्रहालयाचे नाव लिहिले की त्याचे दार उघडते आणि आतल्या वस्तूंची चित्रे व माहिती घरबसल्या दिसू लागते. शब्द मोठा गमतीचा आहे. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे दोघांनी आधी ठरवून भेटावयाची जागा. हा अर्थ आपण ध्यानात ठेवू या, कारण आज मला जे सांगावयाचे आहे ते याच भेटीविषयी आहे. भेट व्हावयाची तर दोघांनाही ठिकाण ठाऊक असले पाहिजे. एकाने एक पत्ता धरला आणि दुसऱ्याने भलताच धरला, तर दोघेही वाट पाहत बसतात.

हा विषय सिरोंच्याच्या निमित्ताने घेण्याला एक कारण आहे. संग्रहालयांच्या जगात सिरोंचा हा देणारा तालुका आहे. जगाच्या फार जुन्या इतिहासाची साक्ष देणाऱ्या कितीतरी वस्तू या मातीतून निघाल्या आणि दूर गेल्या. आधी त्या वस्तू कोणत्या, ते पाहू.

सिरोंच्याच्या उत्तरेस प्राणहितेच्या डाव्या तीरावर कोटा नावाचे गाव आहे. गाव लहान, पण जगातल्या भूगर्भशास्त्रज्ञांना त्याचे नाव ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागात दगडी कोळशाचा शोध चालू होता. त्या शोधात कोट्याजवळच्या चुनखडीत माशांचे ठसे सापडले. खवले, पर, हाडे यांसकट दगड होऊन गेलेले मासे. असल्या अवशेषांना आपण जीवाश्म म्हणतो. हे मासे विलायतेस गेले. कर्नल साइक्स यांनी १८५१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांची हकीकत मांडली आणि सर फिलिप एगर्टन या माशांच्या जाणकाराने त्यांना नाव दिले : लेपिडोटस डेक्कनेन्सिस. म्हणजे ‘दख्खनचा’ मासा. या नावातला ‘दख्खन’ हा शब्द लक्षात राहू द्या. त्याच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

त्याच सुमारास नागपुरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी राहत होते. शाळा चालविणारा, गोंड लोकांची भाषा आणि गाणी टिपून घेणारा आणि वाटेत दिसेल तो दगड हातोडीने फोडून पाहणारा हा मनुष्य होता. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला पाठविली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचे वर्णन केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ साली ज्यांनी घडविला तेच हे ओवेन. ती कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये आहे. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे विल्यम किंग यांनी प्राणहिता-गोदावरीचे सारे खोरे पाहून १८८१ साली आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि कोट्याचे नाव इथल्या थरांना कायमचे चिकटले. आज जगात कुठल्याही भाषेतल्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात ‘कोटा शैलसमूह’ असे म्हटले की तो याच गावाच्या नावाचा, हे समजावे.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. कलकत्त्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापिलेली संख्याशास्त्राची संस्था. आकडेमोडीच्या संस्थेत जीवाश्मांचे काय काम, असे कोणालाही वाटेल. पण महालनोबिसांची दृष्टी मोठी होती. त्यांनी १९५७ साली लंडनहून पामेला रॉबिन्सन या विदुषींना बोलावून संस्थेत भूगर्भशास्त्राचा विभाग सुरू केला. या विभागाच्या मंडळींनी गोदावरीचे खोरे पायाखाली घातले, आणि सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ त्यांना हाडांचा एक खजिनाच लागला. एकेका जागी दगड झालेली झाडांची खोडे आणि त्यांच्यासंगे प्रचंड हाडे. निदान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे! मांडीचे एकच हाड १.७ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट लांब. उत्खननाचा पहिला हंगाम १९६१ सालचा, आणि ते वर्ष रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे. तेव्हा १९७५ साली जैन, कुट्टी, रायचौधुरी आणि चॅटर्जी या चार शास्त्रज्ञांनी या प्राण्याचे नामकरण केले ते असे : बारापासॉरस टागोरी. ‘बारा’ म्हणजे मोठा, ‘पा’ म्हणजे बंगालीत पाय. मोठ्या पायाचा सरडा, रवींद्रनाथांच्या नावाचा! सुमारे अठरा कोटी वर्षांमागचा, पाला खाणारा, लांब मानेचा आणि लांब शेपटीचा हा प्राणी. त्याचा सांगाडा कलकत्त्यास त्या संस्थेच्या भूगर्भशास्त्र संग्रहालयात उभा आहे.

याचाच एक भाऊबंद नदीपलीकडे, आता तेलंगणात असलेल्या यामनपल्ली गावाजवळ मिळाला. पी. यादगिरी यांनी १९८८ साली त्याला नाव दिले कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. म्हणजे पाहा, कोटा या आपल्या गावाचे नाव एका डायनोसॉरने धारण केले आहे. आणि त्याच थरांत मिळालेल्या उंदराएवढ्या एका प्राचीन सस्तन प्राण्याचे नाव कोटाथेरियम. गाव लहान असते, पण नाव कोठवर जाईल याचा नेम नसतो.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सारे ऐकून आनंद झाला. पण मासे लंडनला गेले, हाडे कलकत्त्यास आणि हैदराबादेस गेली, आणि आमची पोरे त्यांची चित्रे पाठ्यपुस्तकातही पाहत नाहीत. यात आमचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. वस्तू दूर नेल्या म्हणून कोणावर रागावण्यात अर्थ नाही. पोचमपल्लीची हाडे कलकत्त्यास गेली नसती, तर ऊनपावसाने त्यांचा चुरा झाला असता. ती शास्त्रीय रीतीने काढणे, चिकटविणे, जोडणे हे वर्षानुवर्षांचे काम होते. पण वस्तू सुरक्षित ठेवणे हे संग्रहालयाचे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे काम म्हणजे तिचे ज्ञान परत देणे.

हे उरलेले अर्धे काम लोकांच्या ध्यानात हळूहळू आले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोकांनी त्याला नाव दिले ‘अजबबंगला’. ते नाव आजही तोंडी आहे. नाव अगदी नेमके होते. जावे, अजब गोष्टी पाहाव्यात, तोंडात बोट घालावे आणि परत यावे. अजब वाटणे ही शिक्षणाची सुरुवात आहे खरी, पण तो शेवट नव्हे. पाहणाऱ्याच्या मनात ‘हे काय आहे?’ यापुढचा ‘हे कसे कळले?’ हा प्रश्न उठला, की संग्रहालय शाळा बनते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संग्रहालय सर्वांसाठी खुले असावे, सर्वांना पोचता येईल असे असावे, आणि शिक्षण, आनंद व विचार यांसाठी त्याने लोकांना अनुभव द्यावा, असा तिचा आशय आहे. ‘सर्वांना पोचता येईल’ या शब्दांत सिरोंचाही आला.

पोचण्याचे उपाय निरनिराळे असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली एका मोठ्या बसमध्येच संग्रहालय बसवून ते गावोगावच्या शाळांकडे धाडण्यास आरंभ केला. उपाय फार चांगला. पण बसला रस्ता लागतो, आणि एक बस किती गावांना पुरणार? तेव्हा दुसरा उपाय संकेतस्थळाचा.

या उपायाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. इंटरनेटवर अगदी पहिल्यांदा जी संग्रहालये आली, त्यांत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जीवाश्म-संग्रहालय होते. साल १९९३. म्हणजे ज्या विद्येत कोट्याचे नाव आहे त्याच विद्येच्या संग्रहालयाने ही वाट आधी धरली. याचे कारणही सहज समजण्यासारखे आहे. त्या संग्रहालयाजवळ नमुने अपार आणि ते मांडावयास जागा थोडी. जे कपाटात मावत नाही ते पडद्यावर मावते. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने संग्रहालयांच्या नोंदी ठेवण्यासाठी एक संगणकप्रणाली केली. तिचे नाव मोठे समर्पक आहे : ‘जतन’. या जतनच्या आधारे २०१४ साली ‘म्यूझियम्स ऑफ इंडिया’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कलकत्त्याचे इंडियन म्यूझियम, हैदराबादचे सालारजंग अशा दहा संग्रहालयांच्या वस्तू त्यावर प्रथम आल्या. त्याच वर्षी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमने आपल्या लक्षावधी नमुन्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या केल्या.

पुढे २०२० साली महामारी आली आणि जगातील बहुतेक संग्रहालयांची दारे बंद झाली. तेव्हा संकेतस्थळ हेच दार उरले. पण त्याच वेळी एक कटू गोष्टही दिसून आली. युनेस्कोने केलेल्या पाहणीत असे आढळले की आफ्रिकेतल्या आणि लहान बेटांच्या देशांतल्या संग्रहालयांपैकी जेमतेम पाच टक्क्यांना आपला संग्रह इंटरनेटवर दाखविता आला. म्हणजे वाट नवी निघाली, पण तीही आधी मोठ्या गावांनाच मिळाली. ही असमानता आपल्याला नवी नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संकेतस्थळ शिक्षणाच्या उपयोगी पडते की नाही हे कशावरून ओळखावे? पुष्कळांना वाटते, चित्रे किती सुंदर आहेत, ती गोल फिरतात की नाही, यावरून. मला तसे वाटत नाही. नुसती सुंदर चित्रे म्हणजे पडद्यावरचा अजबबंगला. माझी कसोटी साधी आहे. त्या संकेतस्थळावर वस्तूचे गाव सापडते काय? ज्या मातीतून ती वस्तू निघाली त्या मातीतले पोर तिच्यापर्यंत पोचू शकते काय?

ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. कसे ते कोट्याच्याच उदाहरणाने पाहू. कोट्याचे मासे १८५१ साली लंडनला जाहीर झाले, तेव्हा कोटा कोणाच्या राज्यात होते? हैदराबादच्या निजामाच्या. पुढे १८६० च्या तहाने निजामाने गोदावरी व वैनगंगा-प्राणहितेच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांस दिला. मग अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण बनले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात गेले. १९५० साली मध्यप्रांत-वऱ्हाडाचे मध्य प्रदेश राज्य झाले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. चांद्याचे पुढे चंद्रपूर झाले. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. गाव जागचे हलले नाही, नदीही तीच. पण सव्वाशे-दीडशे वर्षांत त्याचा पत्ता इतक्या वेळा बदलला!

आता संग्रहालयाची नोंद कशी होते ते ध्यानात घ्या. नमुना ज्या दिवशी आला त्या दिवशी कारकुनाने वहीत जे लिहिले ते तसेच राहते. कुणी ‘दख्खन’ लिहिले, कुणी ‘निजामाचा मुलूख’, कुणी ‘मध्यप्रांत’, कुणी ‘चांदा’. गावाच्या नावाची इंग्रजी अक्षरेही लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. पुढे ती वही जशीच्या तशी संगणकात उतरली तर काय होईल? सिरोंच्याच्या शाळेतली एखादी हुशार मुलगी पडद्यावर ‘गडचिरोली’ असे लिहील. १८५१ सालच्या नोंदीत ते नाव असणार कोठून? संगणक सांगेल, काही सापडले नाही. मुलगी समजेल, आमच्या गावचे जगात काही नाही. ज्या गावाचे नाव डायनोसॉरने धारण केले, त्या गावच्या मुलीला ‘काही नाही’ हे उत्तर मिळावे, याहून मोठी चूक शिक्षणात दुसरी कोणती?

म्हणून मी म्हणतो की पत्ता ही गोष्ट क्षुल्लक नाही. चांगल्या संकेतस्थळावर जुने नाव आणि आजचे नाव शेजारी शेजारी असावे. ‘दख्खन’ हे मूळ नोंदीत आहे, म्हणून ते पुसू नये, कारण तो इतिहास आहे. पण त्याच्या पुढे ‘आता : कोटा, तालुका सिरोंचा, जिल्हा गडचिरोली’ एवढी एक ओळ घालावी. खर्च काही नाही. लाभ मात्र एका साऱ्या मुलखाचा आहे.

पत्त्याखेरीज आणखी तीन गोष्टी मी पाहीन. एक, वस्तू कोणी आणि केव्हा मिळविली. वर्णन करणाऱ्या विद्वानाचे नाव सहसा राहते, कुदळ धरणाऱ्याचे सहसा राहत नाही. जेथे ते मिळत असेल तेथे अवश्य द्यावे. दोन, खरे किती आणि अनुमानाचे किती. बारापासॉरसचेच घ्या. त्याची कवटी मिळालेली नाही. काही सुटे दात तेवढे मिळाले. तेव्हा त्याचे डोके कसे असेल हे शास्त्रज्ञांनी त्याच्या भाऊबंदांवरून ताडले. हे सांगितल्याने प्राण्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट मुलाला कळते की ज्ञान असे जुळविले जाते. इतके हाती आहे, इतके ताडले आहे. इतिहास शिकविणाऱ्या आम्हां मास्तरांना तर हा धडा रोज लागतो. तीन, भाषा. सिरोंच्याच्या घराघरांत तेलुगू बोलतात, जंगलातल्या पाड्यांवर माडिया-गोंडी बोलतात, शाळेत मराठी चालते. आणि संग्रहालयांची बहुतेक संकेतस्थळे इंग्रजी. मुलगा आणि त्याच्या गावचे हाड यांच्यामध्ये आता नदीपेक्षा भाषाच रुंद झाली आहे. निदान ज्या मुलखातून वस्तू आली त्या मुलखाच्या भाषेत चार ओळी देणे, हे संग्रहालयाचे कर्तव्य मानले पाहिजे.

हे झाले संग्रहालयांनी काय करावे त्याविषयी. पण ते होईपर्यंत आपण हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. गुरुजनहो, एक मोबाइल आणि एक दोरी एवढ्यावर उद्याचा तास घेता येतो. तो कसा ते सांगतो.

प्रथम मोबाइल खिशातच राहू द्या. शाळेच्या पटांगणात दोरीने १४ मीटर, म्हणजे सुमारे ४६ फूट मोजा आणि राखेची रेघ ओढा. मुलांना सांगा, आपल्या तालुक्यातल्या पोचमपल्लीला मिळालेला प्राणी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एवढा होता. मग १.७ मीटर लांबीची काठी उभी धरा. हे त्याच्या मांडीचे एक हाड. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला काठीशेजारी उभे करा. पोरे हसतील, ओरडतील, मोजायला धावतील. धावू द्या. आता मोबाइल काढा आणि सांगाड्याचे चित्र दाखवा. मुले चार चारच्या टोळीने पाहतील. पटांगणावरची रेघ आधी पाहिली असल्यामुळे बोटाएवढे चित्रही त्यांना खऱ्या मापाने दिसू लागेल. एरवी पडद्यावर हत्ती आणि उंदीर सारखेच दिसतात. हा पडद्याचा मोठा दोष, आणि तो पटांगण भरून काढते.

मग प्रश्न विचारा. याचे डोके मिळाले नाही, तर चित्रात डोके कोठून आले? हाडांबरोबर झाडांची खोडे का मिळाली असतील? सहा प्राणी एकाच जागी कसे? पूर आला असेल काय? प्राणहितेचा पूर पाहिलेल्या मुलांना हा प्रश्न शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळेल. शेवटी प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत हाड, दगड, मासा, नदी यांना काय म्हणतात ते फळ्यावर लिहावे. तेलुगू, माडिया, मराठी अशी तीन रकान्यांची यादी होईल. संकेतस्थळावर जी भाषा नाही ती तुमच्या फळ्यावर आली, एवढे काम त्या तासाला थोडे नाही.

जेथे मोबाइलला रेंज नाही तेथे चित्र आधीच तालुक्याच्या गावी उतरवून घ्यावे किंवा छापून भिंतीवर लावावे. साधन लहानमोठे असेल, तास अडू नये.

आणि आपल्याला एक सोय अशी आहे की जी कलकत्त्याच्या शाळेलाही नाही. सिरोंच्याजवळच वडधम येथे वनविभागाने जीवाश्मांचे उद्यान केले आहे. दगड झालेली झाडांची प्राचीन खोडे तेथे जागच्या जागी पाहावयास मिळतात. पडद्यावर पाहिलेले आणि हाताने चाचपलेले यांत फरक आहे, हे मी कधीच नाकारणार नाही. खोडाच्या दगडाचा थंडपणा, त्याचे वजन, त्याच्या रेषांवरून फिरणारे बोट, हे संकेतस्थळ देऊ शकत नाही. म्हणून माझे म्हणणे असे नाही की संकेतस्थळ आले म्हणजे संग्रहालयाला जावयास नको. वडधमला मुलांनी खोड पाहावे, त्याच्या काळचा प्राणी कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे हे पडद्यावर पाहावे, आणि दोन्हींची सांगड गुरुजींनी घालावी. या तिघांपैकी एकजण जरी गळला तरी धडा अपुरा राहतो.

येथे एक सूचना कळकळीने करतो. शेतात, नदीकाठी, जंगलात असा एखादा दगड दिसला तर तो उचलून घरी आणू नका, मुलांना आणू देऊ नका, आणि विकण्याचा तर विचारही नको. दगड जागचा हलला की त्याचा पत्ता हरवतो. कोणत्या थरात होता, कशाच्या शेजारी होता, कोणत्या बाजूला पडला होता, यांवरून शास्त्रज्ञ त्याचा काळ ठरवितात. पत्ता हरवलेला जीवाश्म म्हणजे तारीख आणि सही फाटून गेलेला दस्तऐवज. दिसलेल्या जागेची खूण ठेवा, चित्र काढा आणि वनविभागाला कळवा.

आता शेवटची गोष्ट. कपाटातली चिठ्ठी एकदा छापली की वर्षानुवर्षे तशीच राहते, पण संकेतस्थळावरची चूक मनात आणले तर एका दिवसात दुरुस्त होते. कुणीतरी ती दाखवून द्यावी लागते एवढेच. बहुतेक संग्रहालये आपल्या संकेतस्थळावर पत्र पाठविण्याचा पत्ता देतात. तेव्हा सिरोंच्याच्या शाळांनी हे काम अंगावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. कोटा, पोचमपल्ली, वडधम यांची नावे जेथे जेथे जुन्या पत्त्याने दिसतील तेथे तेथे पत्र धाडावे. गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे, नाव खरोखर कसे उच्चारतात, नदीच्या कोणत्या तीरावर आहे, हे त्या दूरच्या विद्वानापेक्षा सातवीतल्या मुलाला अधिक नेमके ठाऊक असते. मुलांनी मसुदा करावा, गुरुजींनी तपासावा, मुख्याध्यापकांची सही घ्यावी आणि पाठवून द्यावे. उत्तर लगेच येईल असे नाही. न आल्यास महिन्याने दुसरे पत्र लिहावे.

आजवर सिरोंच्याने संग्रहालयांना मासे दिले, हाडे दिली, खोडे दिली. आता त्यांना आपला खरा पत्ताही आपणच द्यावा. या शाळावर्षातले पहिले पत्र कोट्याच्या वतीने जाऊ द्या, दुसरे पोचमपल्लीच्या. आणि उत्तर आलेच, तर ते साऱ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवा.